गाण्याच्या आधीची चार मिनिटं

लातूर
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

शारिक,

कागदावर लिहितोय. फोनवर तू मला बंद करून टाकलंस. दुसऱ्या कोणाच्या नंबरवरून मेसेज टाकता आला असता, पण मेसेज कुठल्या कुठं जातो, कोण कधी कोणाला दाखवील सांगता येत नाही. कागद बरा. पत्ता मंजुश्रीकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस.

‘चाळणी’ शुक्रवारी आलं. ‘मोंढा बंद’चं पहिलं गाणं. आपल्या बँडचं नाव असं का, हे आता पुण्यामुंबईचे लोक विचारतात आणि मंजुश्री सगळ्यांना तेच सांगते, की अमावास्येला लातूरचा मोंढा, म्हणजे धान्याचा बाजार, बंद, मोंढा बंद म्हणून वीरेशच्या घरची दाळ मिल बंद, आणि मिल बंद म्हणून आमची प्रॅक्टिस चालू. लोक हसतात. ती कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवते ना, एकच गोष्ट शंभर वेळा सांगायचा तिला कंटाळा येत नाही.

तुझी गिटार तशीच ठेवली आहे. दुसऱ्या कोणाकडून वाजवून घेतली नाही. मंजुश्रीनं परवानगी मागितली तेव्हा तू ‘वापरा’ एवढाच शब्द लिहिलास म्हणे. नाव दिलंय, नीट: गिटार, शारिक शेख. गायन, मंजुश्री. ड्रम, मी.

पुण्याच्या कंपनीनं गाणं सगळ्या ॲपवर टाकलंय. रीलसाठी तीस सेकंदांचा तुकडा वेगळा, कॉलरट्यून वेगळी. आता सात इंची तबकडी काढणार आहेत आणि कॅसेटसुद्धा. आजच्या काळात कॅसेट! तू असतास तर लई हसला असतास.

सुरुवातीला मिल चालू होते तो सात सेकंदांचा आवाज लोकांना फार आवडलाय. पट्टा गती घेतो, मग चाळणी थरथरते, आणि तिच्या ठेक्यावर माझा ड्रम येतो. ती कल्पना मंजुश्रीची. बँडच्या कॉम्प्युटरवर तिला तो आवाज सापडला. मी दुसरा घेऊ म्हणत होतो, पण ती ऐकेना, आणि नको का, ते मला सांगता येईना.

तुझे अब्बा, आमचे चाचा, कसे आहेत? नवीन हात बसवायचं चाललं होतं, बसवला का? त्यांच्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. येळवशीच्या अमावास्येला त्या गोष्टीला वर्ष होईल. दवाखान्यात तू मला विचारलंस आणि मी तुला उत्तर दिलं. ते आपलं बोलून झालंय.

एकच सहज विचारतो. तू गाणं ऐकलं असशील तर कशावर ऐकलंस? फोनवर, का तुझ्या दुकानात दुरुस्तीला आलेल्या मोठ्या स्पीकरवर?

वीरेश


लातूर
२ ऑक्टोबर २०२५, दसरा

शारिक,

पत्र मिळालं हे कळलं. पोस्टाच्या साइटवर तुझी सही दिसते, तीच इंग्रजीतली, शेपूट काढलेली. उत्तर नाही आलं. हरकत नाही.

काल मिलमध्ये खंडेनवमीची पूजा झाली. यंदा पावसानं सगळ्यांचं सोयाबीन पाण्यात गेलं, तरी अप्पांनी पूजेत काही कमी केलं नाही. प्रत्येक मशीनला हळदकुंकू, झेंडूची माळ. शेवटी अप्पांनी ‘यंदा माझा पोरगा फोडील’ म्हणत नारळ माझ्या हातात दिला. “एलिवेटरपाशी तू फोड,” म्हणाले.

सगळे कामगार बघत होते. दाळ वर नेणाऱ्या त्या एलिवेटरच्या खालच्या तोंडापाशी मी गेलो. जाळी नवीन बसवली आहे, हिरव्या रंगाची. आधी नव्हती. मी नारळ मारला तो फरशीवर न लागता माझ्या अंगठ्याला लागला आणि घरंगळत पार पोत्यांखाली गेला. नवीन फिटर तो काढायला वाकला, हात आत घातला, आणि मी ओरडलो. कशाला ओरडलो ते कोणालाच कळलं नाही. मिल बंद होती. पोत्यांखाली कसली मशीन? अप्पांनी माझ्याकडं बघितलं आणि नारळ स्वतः फोडला.

तुला हे का सांगतोय? दुसरं कोणाला सांगणार?

गाण्याचं असं झालंय. तबकडीची नमुन्याची एक प्रत आली. मंजुश्रीच्या घरी तिच्या मामाचं जुनं रेकॉर्ड प्लेअर आहे, त्यावर लावली. फोनवर आपलं गाणं सुरू होतं तेव्हा पहिली सात सेकंदं नुसती घरघर असते. फोनचा स्पीकर केवढा, त्यातून काय निघणार? कॉलरट्यूनमध्ये तर तेवढंही येत नाही. पण तबकडीवर सगळं सुटं झालं. पट्ट्याचं रबर कळतं. पत्र्यावर बसलेली कबुतरं उडतात ते कळतं. आणि दुसऱ्या सेकंदाला, पट्टा घ्यायच्या आत, काहीतरी आहे. एक शब्द.

मंजुश्री चहा ओतत होती. तिला ऐकू गेलं नाही. मी सुई उचलली.

घरी आलो तर नागपूरच्या कोणीतरी गाण्याखाली लिहिलं होतं, ‘दुसऱ्या सेकंदाला कोणीतरी बोलतंय, हेडफोन लावून ऐका.’ त्याखाली लोकांची गर्दी. कोणी म्हणतंय ‘जा’, कोणी म्हणतंय ‘आई’, कोणी म्हणतंय भूत आहे. रोज सकाळी उठलो की आधी तेच बघतो, कोणाला बरोबर ओळखता आलं का.

कॅसेटची मला भीती वाटत नाही. कॅसेटमध्ये खरखर असते.

जुन्या मिलचा आवाज आहे, मिलमध्ये माणसं असतात, कोणीतरी काहीतरी बोललं असेल. तू ऐकलंस आणि तुला काही वाटलं तर आधी मला सांग. दुसऱ्या कोणाशी बोलायच्या आधी.

सोनं पाठवतोय, एक पान. चाचांना दे.

वीरेश


लातूर
१८ ऑक्टोबर २०२५

शारिक,

एक काम आहे. दोन ओळींचं.

कंपनीनं नवीन काढलंय. गाण्याचे सुटे ट्रॅक लोकांना द्यायचे. गिटार वेगळी, ड्रम वेगळा, मंजुश्रीचा गळा वेगळा, आणि मिलचा आवाज वेगळा. ज्याला पाहिजे त्यानं ते घेऊन आपापलं गाणं करायचं. डीजेवाले, कॉलेजची पोरं, कोणीही. म्हणजे त्या सात सेकंदांवर ड्रमही नाही, काहीच नाही. उघडा आवाज. आणि अखंड हवाय म्हणे, मूळ रेकॉर्डिंग जसंच्या तसं, कारण लोकांना मिलचे आणखी आवाज वापरायला मिळतील.

मंजुश्रीला हे फार आवडलंय. १४ नोव्हेंबरला द्यायचं ठरलंय.

मी नाही म्हणू शकत नाही. मी नाही म्हणालो तर ती ‘का’ म्हणून विचारेल. पण गिटार तुझी आहे. तू तिला लिहिलंस, की माझी गिटार अशी सुटी करून लोकांना देऊ नका, तर कंपनीला सगळंच थांबवावं लागेल. तेवढं लिही. कारण द्यायची गरज नाही. तुझ्यावर तसंही कोणी रागावणार नाही.

मी तुझ्याकडं काही मागायच्या लायकीचा आहे असं तुला वाटत नसेल. तुझ्या अब्बांना आमच्या मिलमध्ये हात गमवावा लागला आणि आमच्याच कागदावर ‘लालमहंमद यांनी कोणासही न सांगता चालू होणाऱ्या यंत्रात हात घातला’ असं लिहिलं गेलं. त्या कागदावर चाचांनी डाव्या हाताचा अंगठा दिला आणि त्याच आठवड्यात तू त्यांना घेऊन नांदेडला बहिणीकडं, वहिदाआपाकडं, गेलास. तो कागद अप्पांनी केला. मी केला नाही. हे मी तुला तेव्हाही सांगितलं होतं.

आणखी एक. परवा मडिवाळप्पाचा फोन आला. त्या दिवशी बटण दाबून मशीन त्यानंच लावली होती, तुला माहीत आहे. त्यानंतर तो काम सोडून उदगीरच्या पलीकडं गावी गेला. तिकडं त्याच्या भाच्यानं गाणं ऐकवलं, कानात ती छोटी बोंडं घालून. तो म्हणाला, “मालक, ते येळवशीचंच हाय न्हवं? आवाज वळखलो मी.”

कोणाचा, ते मी विचारलं नाही. त्याचाच असणार. मशीनपाशी तोच होता.

फोन ठेवल्यावर मी अंगणातल्या नळाखाली डोकं धरून बसलो. आई म्हणाली, “ऐन दिवाळीत आजारी पडायलास का रे?”

दोन ओळी लिही, शारिक.

वीरेश


लातूर
५ नोव्हेंबर २०२५

शारिक,

तू लिहिलं नाहीस. त्या दोन ओळी आता लिहूनही उपयोग नाही.

सोमवारी मंजुश्रीनं क्लासवरून फोन केला. “घरी येऊन जा,” म्हणाली. आवाजावरूनच कळलं. मी औसा रोडवरून तिच्या घरी गेलो ती पंधरा मिनिटं कशी गेली माहीत नाही. सिग्नलला मागचे लोक हॉर्न वाजवत होते आणि मी हिरवा बघत उभा होतो.

कंपनीला द्यायला तिनं मूळ फाईल काढली होती. आधी तिनं त्यातली फक्त मिल चालू होते तेवढी सात सेकंदं कापून घेतली होती, अलीकडचं पलीकडचं ऐकलंच नव्हतं. आता पहिल्यापासून ऐकली. तिनं मला समोर बसवलं, काही न बोलता लॅपटॉप माझ्याकडं वळवला, आणि स्वतः आतल्या खोलीत गेली. मी ऐकलं नाही. मी तिथं तीन मिनिटं नुसता बसून राहिलो आणि ती बाहेर आली.

“हा आवाज तुझा आहे,” ती म्हणाली.

मान हलवून मी हाव म्हणालो.

तुलाही सांगतो. दुसऱ्या सेकंदाचा तो शब्द ‘लाव’ आहे. मडिवाळप्पाला मी म्हणालो, लाव. मागच्या पत्रात मी लिहिलं की आवाज मडिवाळप्पाचा असणार. ते खोटं होतं. मडिवाळप्पानं मला फोनवर सरळ सांगितलं होतं, “मालक, त्यात तुमचा आवाज हाय.”

येळवस होती, शेतावर पूजा करून जेवायचा दिवस. सगळं लातूर शेतावर गेलेलं, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. अशी शांतता वर्षातून एकदाच मिळते म्हणून मी घरच्यांबरोबर शेतावर गेलो नाही, रेकॉर्डर घेऊन मिलमध्ये थांबलो. मला मिल चालू होण्याचा आवाज पाहिजे होता, गाण्यासाठी. मशीन चालवायची काहीच गरज नव्हती. माल नव्हता. मी सांगितलं म्हणून ती लागली. चाचांचा हात आत आहे हे मला माहीत नव्हतं. माझ्या कानांवर हेडफोन होते. दवाखान्यात तुला हेच सांगितलं होतं.

मंजुश्री म्हणाली, “मी कंपनीला थांबवलंय. तबकडीही थांबवली. पण फाईल माझ्याकडं आहे आणि मी ती पुसणार नाही. शारिकला तू सांगतोस का मी सांगू?” मी आठ दिवस मागून घेतले.

रात्रीचं जेवण मला गेलं नाही. अप्पा ताटावरून उठता उठता म्हणाले, “त्या दिवशीचं काही राहिलं असेल कुठं, तर पुसून टाक.”

मी वर बघितलं. त्यांनी मला वर्षभरात एकदाही विचारलं नव्हतं, की तू तिथं काय करत होतास. मला वाटायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे, शारिक. म्हणून तो कागद केला. माझं नाव कुठं येऊ नये म्हणून चाचांचं नाव लिहिलं.

मला आता मिलच्या भोंग्याचीही भीती वाटते. बाइकच्या किकचीसुद्धा. काहीही सुरू करायच्या आधी मी वाकून खाली बघतो.

वीरेश


लातूर
११ नोव्हेंबर २०२५

शारिक,

तुझं पत्र आज आलं. पाकिटावर तुझं अक्षर बघून उघडायला तासभर लागला. मला वाटलं वकिलाचं काहीतरी असेल, नाहीतर शिव्या असतील. तू एकच ओळ लिहिली आहेस.

‘अब्बांना त्या दिवशीचं काही आठवत नाही, ते रोज विचारतात, मी सांगितलो होतो का नव्हतो?’

एवढंच. खाली सहीसुद्धा नाही.

मला हे माहीत नव्हतं. मला वाटत होतं चाचांना सगळं आठवतं आणि ते आमच्या मिठाला जागून गप्प आहेत. वर्षभर मी त्याच भीतीत होतो, की आज बोलतील, उद्या बोलतील. आणि ते तिकडं स्वतःलाच विचारत बसले होते. तीस वर्षं फिटरकी केलेला माणूस, आत हात घालायच्या आधी ओरडून सांगितल्याशिवाय ज्यानं कधी पाना उचलला नाही, तो अशी चूक करील का? कागदावर तसं लिहिलंय म्हणून त्यांनी ते खरं मानलं.

आता उत्तर लिहितो. 

हेडफोन माझ्या कानांवर होते, ते खरं. पण ते रेकॉर्डरला लावलेले होते. त्यातून बाहेरचं कमी ऐकू येत नाही, जास्त ऐकू येतं. टाचणी पडली तरी कळतं. तू साउंडचं काम करतोस, तुला हे माझ्याहून जास्त माहीत आहे. दवाखान्यात तुला ते सुचलं नाही, कारण तू माझ्यावर विश्वास ठेवत होतास.

चाचा म्हणाले, “वीरू, बारदान्याचा तुकडा अडकलाय. मी हात घालायलोय आत. मशीन लावू नका बरं का.”

मी म्हणालो, “हाव चाचा.”

हे सगळं फाईलमध्ये आहे. काल मी पहिल्यांदा ऐकली, मंजुश्रीच्या समोर बसून, पूर्ण. माझ्या ‘हाव चाचा’नंतर चार मिनिटं आहेत. त्या चार मिनिटांत काय आहे सांगू? कबुतरं. माझ्या बुटांचा आवाज. मी माइक चाळणीजवळ नेतो, मग लांब नेतो, मग परत जवळ. एलिवेटरच्या बाजूनं बारीक खुडखुड येते, ती चाचांची. मी ती ऐकतोय आणि ती पकडायला माइक थोडा तिकडं वळवतोसुद्धा. मग मडिवाळप्पा लांबून म्हणतो, “मालक, लवकर करा, शेतात समदे वाट बघायलेत.” आणि मी म्हणतो, “लाव.”

विसरलो. चार मिनिटांत विसरलो. चांगला आवाज मिळाला या आनंदात एक माणूस विसरलो. माझा चाचांवर राग नव्हता, मला घाई नव्हती, मी प्यालो नव्हतो. याला काही कारणच नाही, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते. कारण असतं तर ते मी टाळलं असतं पुढं. हे कसं टाळायचं?

त्यानंतरचं मी लिहीत नाही. त्या दिवशी मी रेकॉर्डर खिशात घातला आणि सगळ्यांना सांगितलं की तो बंद होता. संध्याकाळी कार्ड बँडच्या कॉम्प्युटरला लावलं, पुसायला म्हणून. ते लावलं की आपोआप कॉपी होतं हे माझ्या लक्षात आलं नाही. कार्ड पुसलं, कॉपी राहिली. पुढं मंजुश्रीला ती सापडली आणि तिनं त्याचं गाणं केलं, आणि मी त्या आवाजावर ड्रम वाजवला. नको म्हणायला तोंड उघडलं असतं तर सगळंच बाहेर आलं असतं. म्हणून वाजवला. सतरा वेळा घेतला, बरोबर बसेपर्यंत.

चाचांना सांग, त्यांनी सांगितलं होतं.

नको, तू सांगू नकोस. ते माझं काम आहे.

वीरेश


नांदेड
शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

शारिक,

अकरा तारखेचं पत्र मी पोस्टात टाकलंच नाही. सोबत जोडलंय, आधी ते वाच.

गुरुवारी मी पोलीस स्टेशनला गेलो. लेखी दिलं, फाईल दिली. तिथले साहेब म्हणाले, प्रकरण मिटलंय ना तुमचं, कशाला उकरता? मी म्हणालो, मिटलं नाही. त्यांनी शिक्का मारून प्रत दिली. बोलावतील तेव्हा जायचं. पुढं काय होईल त्यांनाही सांगता आलं नाही. घरी आल्यावर अप्पांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “तुझ्यासाठीच केलो होतो मी ते.” त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. आई ताट वाढते आणि आत जाते.

आज सकाळी अहमदपूर, लोहा करत इथं आलो.  लोह्याला उतरून परत फिरावं असं वाटलं, उतरलोही. कंडक्टर म्हणाला, “नांदेडचं तिकीट हाय ना तुमचं?” परत चढलो.

दार वहिदाआपानं उघडलं. तिनं मला ओळखलं आणि दाराला धरून उभी राहिली. आत ये म्हणाली नाही. तू मुदखेडला कोणाच्या तरी साउंडच्या कामाला गेलास, चारला दुकानावर सामान टाकून घरी येशील, एवढं म्हणाली. आतून चाचांनी विचारलं, “कोण हाय?” मी नाव सांगितलं. मग त्यांनीच बोलावलं.

ते खाटेवर बसले होते. केवढे वाळलेत. नवीन हात खुंटीवर टांगलेला होता, पिशवीसारखा. लागतो म्हणाले, म्हणून घालत नाही. अप्पांची तब्येत विचारली. मिलची विचारली. नवीन फिटर पट्टे ताणून ठेवतो का ते विचारलं.  मी खाली फरशीवर बसलो, फोन काढला, तू तिथं नाहीस याचं वाईट वाटलं आणि बरंही वाटलं, आणि म्हणालो, “चाचा, तुम्ही विचारता ना, सांगितलं होतं का म्हणून? ऐका.”

मी लावलं.

त्यांचा आवाज आला. ‘वीरू, बारदान्याचा तुकडा अडकलाय. मी हात घालायलोय आत. मशीन लावू नका बरं का.’

मी तिथंच बंद केलं. माझं बोट आपोआप गेलं, ‘हाव चाचा’ यायच्या आत.

 चाचांनी डावा हात पुढं केला, परत लाव, अशी खूण. मी लावलं. परत खूण. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा त्यांचे ओठ आवाजाबरोबर हलत होते. मग ते उभे राहिले, खाटेला धरून, आणि मोठ्यानं म्हणाले, “वहिदा! मैं बोल्या था! सुनी क्या तू? मैं बोल्या था!”

वहिदाआपा स्वयंपाकघराच्या दारातच होती. तिनं ओढणीनं तोंड झाकून घेतलं. चाचा हसत होते, शारिक. दात नसलेलं तोंड उघडं टाकून लहान मुलासारखे हसत होते आणि डोळ्यांतून पाणी चाललेलं. “मी गाफील न्हवतो,” ते मला म्हणाले, जसं काही मीच त्यांना तसं म्हणालो होतो. मी म्हणालोच होतो. वर्षभर म्हणतच होतो.

मग वहिदाआपा म्हणाली, “पुढचं लाव.”

मी तिच्याकडं बघितलं.

“अब्बांनी सांगितल्यावर तू काय म्हणालास? ते लाव.”

माझा अंगठा चालेना. दोनदा चुकीच्या जागी लागला. शेवटी लागलं. माझा आवाज आला, अगदी स्वच्छ, हसतमुख. ‘हाव चाचा.’ मी तिथं थांबवलं. त्याच्या पुढचं मी तिथं लावलं नाही, आणि कोणीही लावू नये.

चाचांचं हसणं थांबलं. ते हळूच परत खाटेवर बसले. फोनकडं बघत होते, माझ्याकडं नाही.

“हाव म्हणलास तू,” ते म्हणाले.

“हाव,” मी म्हणालो.

माफ करा म्हणायचं मी गाडीत हजार वेळा घोकलं होतं. ते तोंडातून निघालं नाही, आणि निघालं असतं तर त्यांनी माफ करायची पंचाईत त्यांच्याच गळ्यात पडली असती. मी त्यांच्या फोनमध्ये त्यांच्या बोलण्याएवढा तुकडा टाकून दिला. लिहून दिलेल्या जबाबाची प्रत वहिदाआपाकडं दिली. गाण्याचं सांगितलं, की मंजुश्रीनं सगळं थांबवलंय, आणि ॲपवरूनही काढायचं का ते तू आणि चाचा ठरवाल तसं. ते ऐकत होते का माहीत नाही.

मी उठलो तेव्हा चाचा म्हणाले, “चारच्या आत निघ. शारिक मारंल तुला.” आणि मग, “मारू नये असं न्हाई म्हणत मी. पण माझा पोरगा तुझ्यापायी जेलात जाऊ नये.”

मी खाली आलो. लातूरची तीनची गाडी स्टँडवर लागलेली होती. मी तिच्यात बसलो नाही. स्टेशनकडं चालत आलो, तुझ्या दुकानावर. हे पत्र तुझ्या मालकाकडं ठेवतोय.

चारला दहा कमी आहेत.  समोरच्या चहाच्या हॉटेलात, रस्त्याकडच्या बाकावर मी बसलोय. दुकानाच्या दारात आलास की दिसेन.

वीरेश